‘आत्मवृत्त’ आणि ‘माझे पुराण’ यांच्या मधोमध : अस्सल नेतृत्वाच्या अभ्यासाला प्रस्तावना

धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. तोवर त्यांच्या आयुष्यातली बरीचशी वादळे होऊन गेली होती. १८९३ मधला विधवेशी विवाह, त्यापायी त्यांच्या मुरुड गावाने घातलेला बहिष्कार, १८९६ चा अनाथ बालिकाश्रम, हिंगण्याची वस्ती, महिला विद्यालय हे सारे मागे पडले होते आणि महिला विद्यापीठ अजून एक वर्ष पुढे होते. एवढे उभे करून बसलेला माणूस स्वतःविषयी काय सांगतो? आपण स्वभावाने भिडस्त आहोत, चारचौघांत पुढे होणे आपल्याला जड जाते, हे कर्वे आडपडदा न ठेवता सांगतात. त्या काळच्या पुण्यात पुढारी म्हणजे टिळकांचा दरारा किंवा आगरकरांची धारदार लेखणी. टिळक सोडून गेल्यावर फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला गोखल्यांनी १८९१ मध्ये ज्यांना बोलावले, त्या या बुजऱ्या प्राध्यापकाने पुढारीपणाची वेगळीच रीत बसवली. दारोदार जाऊन थोडी थोडी वर्गणी मागायची, आलेल्या पैसापैचा हिशेब लोकांपुढे ठेवायचा, कॉलेजातले काम आटोपले की पायी हिंगणे गाठून आश्रमातल्या मुलींना शिकवायचे. फर्डा वक्ता होण्याच्या खटपटीला ते लागले नाहीत. आपण जसे आहोत तसे राहून संस्था कशी उभी राहील, एवढाच विचार त्यांनी केला.

याच घराची दुसरी साक्षही मराठीत उपलब्ध आहे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई, म्हणजेच विवाहानंतरच्या आनंदीबाई कर्वे, यांचे ‘माझे पुराण’ १९४४ मध्ये निघाले. आनंदीबाई स्पष्ट बोलणाऱ्या. कर्व्यांनी पगारातला जमेल तेवढा भाग आश्रमाकडे वळवला, आयुष्याचा विमासुद्धा आश्रमाला देऊन टाकला. या त्यागाची संसाराच्या बाजूने काय किंमत पडली आणि ती कोणी मोजली, हे त्यांच्या पुस्तकातून कळते. तिसरी साक्ष आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांची. ‘माझी कहाणी’ हे त्यांचे आत्मकथन १९२८ चे. तरुणपणी वैधव्य आलेल्या पार्वतीबाई आश्रमात शिकल्या, मग आश्रमासाठी गावोगाव निधी मागत हिंडल्या आणि १९१८ मध्ये, इंग्रजी जेमतेम येत असताना, अमेरिकेला गेल्या. तिथे परक्या घरांत घरकाम करून त्यांनी दिवस काढले.

एक संस्था, तिचा एक प्रवर्तक आणि त्याच्याभोवतीची तीन आत्मकथने: स्वतः त्याचे, त्याच्या पत्नीचे आणि त्याच्या सहकारी स्त्रीचे. नेतृत्वाच्या अभ्यासकाला असे साहित्य सहसा एका जागी मिळत नाही. म्हणून या पुस्तकाचे दार आम्ही इथे ठेवले आहे. पुढच्या सर्व प्रकरणांतून जे म्हणायचे आहे तेही इथेच सांगून टाकतो. माणसाची स्वतःविषयीची ओळख एकट्याने पुरी होत नाही. आपण सांगितलेली आपली हकीगत आणि जवळच्यांनी सांगितलेली आपली हकीगत यांच्यात नेहमीच अंतर असते. त्या अंतराचे आपण काय करतो, यावर आपले नेतृत्व अस्सल की नुसते प्रामाणिक दिसणारे, हे ठरते.

अभ्यासशाखा म्हणून या विषयाचे वय फार नाही. २००१ मध्ये एन्रॉन कोसळली, पुढच्या वर्षी वर्ल्डकॉम. दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे एन्रॉनचे नाव कोकणातल्या शेतकऱ्यालाही ठाऊक होते. या कंपनीच्या जाहीर मूल्यांच्या यादीत सचोटी होती, दुसऱ्याचा आदर होता. भिंतीवर लावलेली मूल्ये आणि हिशेबाच्या वह्या यांचा काही संबंध नसतो, हे उघड झाल्यावर अमेरिकेतल्या व्यवस्थापनशास्त्राला नेत्याच्या सचोटीच्या जुन्या प्रश्नाकडे परत यावे लागले. पेसमेकर बनवणाऱ्या मेडट्रॉनिक कंपनीचे १९९१ ते २००१ या काळात प्रमुख असलेले बिल जॉर्ज यांनी २००३ मध्ये ‘ऑथेंटिक लीडरशिप’ हे पुस्तक लिहिले. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२५ नेत्यांच्या मुलाखती घेतल्या. यशस्वी नेत्यांचा म्हणून काही समान गुणसंच हाती लागेल, अशी अपेक्षा असणाऱ्यांची निराशा झाली. तसा संच सापडला नाही. सापडली ती आपल्या आयुष्यातल्या घटनांचा अर्थ लावण्याची, त्यातून आपली मूल्ये नक्की करण्याची सवय.

त्याच सुमारास विद्यापीठांतही काम सुरू झाले. नेब्रास्का विद्यापीठातले ब्रूस अव्होलिओ, फ्रेड लुथन्स, विल्यम गार्डनर यांनी २००४ मध्ये ओमाहा येथे या विषयावर परिषद भरवली. पुढच्या वर्षी ‘द लीडरशिप क्वार्टर्ली’ या संशोधनपत्रिकेने त्यावर खास अंक काढला. २००८ मध्ये फ्रेड वालुंब्वा आणि सहकाऱ्यांनी सोळा विधानांची प्रश्नावली तयार केली. अस्सल नेतृत्वाची चार अंगे तीत धरली आहेत. पहिले अंग आत्मभान, म्हणजे आपली बलस्थाने, उणिवा आणि आपला दुसऱ्यावर होणारा परिणाम यांची जाण. दुसरे नातेसंबंधांतला मोकळेपणा. तिसरे आपल्या मताविरुद्ध जाणारी माहितीही तोलून पाहण्याची तयारी. चौथे बाहेरच्या दडपणापेक्षा आतल्या नैतिक कसोटीवर वागणे.

ही चार अंगे कागदावर शेजारी शेजारी बसतात, व्यवहारात मात्र एकमेकांशी भांडतात. पुन्हा कर्व्यांकडे पाहा. विधवाविवाह हे त्यांचे स्वतःचे मत होते, त्यांनी ते स्वतः आचरले होते. पण आश्रम काढल्यावर विधवांचे शिक्षण आणि विधवांचा पुनर्विवाह ही कामे त्यांनी वेगळी ठेवली, कारण पुनर्विवाहाचा शिक्का बसला तर सनातनी घरे मुली पाठवणार नाहीत. आतल्या कसोटीला हे धरून होते का? पूर्ण मोकळेपणाला होते का? कडव्या सुधारकाला ही माघार वाटेल, संस्था चालवणाऱ्याला ही व्यवहाराची जाण वाटेल. प्रश्नावलीत या पेचासाठी चौकट नाही. म्हणून प्रश्नावलीच्या गुणांकडे सुरुवातीची नोंद म्हणून पाहावे, निकाल म्हणून पाहू नये.

चारही अंगांचा पाया आत्मभान. ते मिळवायचे कसे? बहुतेकांचे उत्तर तयार असते: एकांतात बसा, विचार करा, स्वतःला विचारा. मानसशास्त्राला या उत्तराविषयी शंका आहे. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी १९७७ मध्ये एक प्रयोग नोंदवला. दुकानात नायलॉनचे चार पायमोजे ओळीने मांडले होते आणि ते चारही अगदी एकसारखे होते. सर्वांत चांगला कोणता, असे विचारल्यावर लोकांनी सर्वाधिक वेळा उजव्या टोकाचा निवडला. कारण विचारले तर विणीबद्दल, पोताबद्दल, दर्जाबद्दल सांगितले. जागेचा परिणाम झाला असेल, हे कोणी आपणहून म्हटले नाही आणि तसे सुचवले तर मान्यही केले नाही. आपण जे केले त्याचे कारण आपल्याला आतून दिसते, असे आपण धरून चालतो. पुष्कळदा आपण पटण्याजोगे कारण रचत असतो, आणि ते रचतो आहोत याचा आपल्यालाच पत्ता नसतो.

संघटन-मानसशास्त्रज्ञ ताशा युरिक यांनी हाच धागा नेतृत्वाच्या क्षेत्रात पुढे नेला. सुमारे पाच हजार लोकांच्या अभ्यासातून त्यांनी दाखवले की बहुतेकांना आपण स्वतःला ओळखतो असे वाटते, पण त्यांच्या निकषांवर जेमतेम १० ते १५ टक्के उतरतात. त्यांचे दुसरे निरीक्षण आम्हाला अधिक मोलाचे वाटते. स्वतःच्या मनात डोकावणे आणि इतरांच्या नजरेतला आपण ओळखणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत. एक असली म्हणजे दुसरी असतेच असे नाही. अधिकार जितका मोठा तितकी दुसरी क्षमता धोक्यात, कारण वरच्या माणसाला खरे सांगण्याची गरज खालच्यांना वाटत नाही आणि हिंमतही होत नाही. ‘मी असा का आहे?’ या प्रश्नाने माणूस पुष्कळदा स्वतःच्याच कैफियतीत गुरफटतो, हेही युरिक नोंदवतात. ‘त्या बैठकीत मी नेमके काय केले आणि पुढच्या खेपेला काय करीन?’ हा प्रश्न कामाचा. या पुस्तकातल्या बहुतेक स्वाध्यायांची भाषा म्हणूनच ‘का’पेक्षा ‘काय’ची आहे.

बोलण्याचे तत्त्व आणि वागण्याचे तत्त्व यांतली फारकत हा या प्रदेशातला आणखी एक जुना मुक्काम. ख्रिस आर्जिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनी १९७४ मध्ये ती शास्त्रीय भाषेत मांडली: आपण पाळतो असे सांगतो ते सिद्धान्त वेगळे आणि आपल्या कृतीतून निघतात ते वेगळे. पुढे आर्जिरिस यांनी दाखवले की ही फारकत ओळखायला हुशार, शिकलेल्या, कायम यश मिळवत आलेल्या लोकांना सर्वांत जड जाते, कारण अपयशाकडून शिकण्याची त्यांना सवयच नसते. मराठी वाचकाला हे फार नवे वाटणार नाही. समर्थांनी ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणे सांगून झाल्यावर पढतमूर्खासाठी स्वतंत्र समास खर्च केला आहे. वारकरी संतांच्या वाणीत स्वतःचे दोष चारचौघांत मांडण्याची परंपरा आहेच. आत्मपरीक्षण आपल्याकडे परदेशातून आलेले नाही. आले आहे ते त्याची पडताळणी करण्याचे तंत्र, आणि तेवढे उसने घ्यायला संकोच कशाला?

आत्मभानातून जे दिसले ते बदलू शकते, असा विश्वास नसेल तर आत्मभान नुसता मनस्ताप ठरतो. इथे मानसिकतेचा प्रश्न येतो. कॅरल ड्वेक यांचे ‘माइंडसेट’ २००६ मध्ये आले आणि त्यातली विभागणी जगभर पसरली: बुद्धी आणि स्वभाव जन्मजात ठरलेले आहेत असे मानणारे एकीकडे, ते प्रयत्नाने वाढतात असे मानणारे दुसरीकडे. क्लॉडिया म्युलर यांच्यासोबत १९९८ मध्ये केलेल्या प्रयोगांत ड्वेक यांना दिसले की ‘हुशार आहेस’ म्हणून शाबासकी मिळालेली मुले पुढे अवघड कोडी टाळू लागली, तर ‘मेहनत घेतलीस’ असे ऐकलेली मुले ती हाती घेऊ लागली. पीटर हेस्लिन आणि सहकाऱ्यांनी पुढे हाच प्रश्न व्यवस्थापकांना लावला. माणसे मुळात बदलत नाहीत असे मानणाऱ्या व्यवस्थापकांना हाताखालच्या माणसात झालेली सुधारणा दिसत नाही आणि ते त्याला शिकवण्याच्या फंदातही कमी पडतात. नेत्याची मानसिकता त्याच्यापुरती राहत नाही. ती त्याच्या कार्यालयातल्या इतरांच्या वाढीची कमाल मर्यादा ठरवते.

तरीही सावध राहू. डेव्हिड यीगर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या नववीच्या सुमारे बारा हजार मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. तासाभराहून कमी वेळाच्या सत्राने अभ्यासात मागे असलेल्या मुलांच्या श्रेणीत सुधारणा झाली, पण ती थोडी होती आणि शाळेतले वातावरण अनुकूल असेल तिथेच ठळक होती. त्याआधीच्या वर्षी निघालेल्या एका व्यापक फेरआढाव्यातही परिणाम एकूण क्षीणच दिसला होता. व्याख्यान ऐकून मानसिकता पालटत नाही. ज्या मातीत ती टिकायची, ती संस्थाच बदलावी लागते. कर्व्यांनी ५८ व्या वर्षी विद्यापीठ काढले, ७८ व्या वर्षी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणाचे मंडळ काढले आणि १९४४ मध्ये, पंच्याऐंशी ओलांडल्यावर, जातिभेदाविरुद्ध समता संघ सुरू केला. याला केवळ त्यांची मनोवृत्ती म्हणणे सोपे आहे. त्यांच्याभोवती काम हाती घेणारी माणसे होती आणि जुने काम त्यांच्यावर सोपवून मोकळे होण्याची तयारी त्यांच्यात होती, हेही तितकेच खरे.

या क्षेत्रावरचे आक्षेप वाचकापासून लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. हर्मिनिया इबारा यांनी २०१५ मध्ये मांडलेला पेच असा: ‘मी असाच आहे’ या वाक्याआड माणूस शिकण्यापासून पळ काढू शकतो. बढती मिळालेल्या माणसाला नवी भूमिका सुरुवातीला परकीच वाटते. तिला खोटी म्हणून झिडकारले तर तो आहे तिथेच राहतो. इबारा यांनी १९९९ मध्येच तरुण बँकर आणि सल्लागारांच्या अभ्यासातून दाखवले होते की माणसे नव्या कामात तात्पुरती रूपे घालून पाहतात, वरिष्ठांचे काही उचलतात, काही टाकतात आणि हळूहळू आपले रूप घडवतात. जेफ्री फेफर यांचा आक्षेप आणखी परखड: नेत्याने नेहमी मनात येईल तसे दाखवावे हे शक्यही नाही आणि इष्टही नाही. परिस्थितीने मागितले ते त्याला द्यावेच लागते.

आम्ही त्यात एक आक्षेप जोडतो. अस्सल असणे म्हणजे बरोबर असणे नव्हे. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून कर्व्यांना आपल्या विद्यापीठाची प्रेरणा मिळाली. मुलींचे शिक्षण मातृभाषेतून व्हावे हा त्यांचा आग्रह दूरदृष्टीचा होता. मात्र गृहिणी आणि माता म्हणून स्त्रीची कामे वेगळी, तेव्हा तिचा अभ्यासक्रमही वेगळा, ही त्यांची मांडणी पुढच्या पिढ्यांतल्या अनेक स्त्रियांनी नाकारली. तिच्यात कर्व्यांचा सच्चेपणा होता, काळाची मर्यादाही होती. आतला आवाज खरा असतो, तरी तो आपल्या जातीच्या, वर्गाच्या, लिंगाच्या सवयींतूनच बोलत असतो. त्याची तपासणी पुन्हा दुसऱ्याच्या साक्षीनेच होते.

यातून महाराष्ट्रापुरता एक मोठा प्रश्न उभा राहतो: अस्सल असणे परवडते कोणाला? ७३ वी घटनादुरुस्ती एप्रिल १९९३ मध्ये अमलात आली आणि पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ पासून महाराष्ट्रात हा वाटा निम्मा झाला. पहिल्यांदा निवडून आलेली सरपंच खुर्चीवर बसते तेव्हा शेजारी पुष्कळदा ‘सरपंचपती’ असतो, समोर ग्रामसेवकाचे दप्तर आणि गावाची नजर असते. ‘तू जशी आहेस तशी राहा’ हा सल्ला तिला कुचकामी आहे, कारण ती जशी आहे तशी दिसूच नये याची व्यवस्था गावाने आधीच केलेली असते. सुरुवातीला ती दुसऱ्याचे शब्द वापरते, सासऱ्याच्या ओळखीवर कामे करवून घेते. मग एखाद्या ग्रामसभेत पाण्याच्या टाकीवरून स्वतःचे म्हणणे मांडते. इबारांची तात्पुरती रूपे तिच्या बाबतीत करिअरची पायरी नसतात, बचावाचे साधन असतात. पार्वतीबाईंचा प्रवास या अंगाने वाचण्यासारखा आहे. सनातनी समाजाने ठरवून दिलेल्या विधवेच्या वेषात त्यांनी वर्षानुवर्षे काम केले आणि केशवपन सोडण्याचा निर्णय पुढे स्वतः विचार करून घेतला. त्या आधी अस्सल नव्हत्या आणि नंतर झाल्या, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणे होईल.

हे पुस्तक शाळेच्या मुख्याध्यापकांसाठी, बँकेच्या शाखाधिकाऱ्यांसाठी, बचत गटाच्या अध्यक्षांसाठी, पहिल्यांदाच चार माणसांची जबाबदारी अंगावर आलेल्या तरुणांसाठी आहे. व्यवस्थापनशास्त्राची पूर्वतयारी लागणार नाही. पहिल्या भागात आत्मभानाची साधने आहेत: रोजनिशी, सहकाऱ्यांकडून घ्यायचा अभिप्राय आणि जोसेफ लुफ्ट व हॅरिंग्टन इंगम यांनी १९५५ मध्ये मांडलेली जोहारी खिडकी. या खिडकीत आपल्याला ठाऊक नसलेली पण इतरांना दिसणारी बाजू वेगळ्या चौकटीत येते. दुसरा भाग मानसिकतेचा, तिसरा आक्षेपांचा. घाईत असलेल्या वाचकाने तिसऱ्यापासून सुरुवात केली तरी हरकत नाही. मात्र पहिल्या भागातले स्वाध्याय एकट्याने करू नयेत. ज्याला आपल्याकडून बढती, पैसे किंवा कृपा यांपैकी काही नको आहे, असा एक माणूस सोबत घ्यावा. असा माणूस शोधायला लागणारा वेळ हाच पुष्कळांच्या बाबतीत पहिला धडा ठरेल.

काही वाचक पुढे या विषयाचे अभ्यासक होतील, अशी आशा आहे. त्यांच्यासाठी काम भरपूर पडले आहे. प्रचलित प्रश्नावल्या अमेरिका, चीन, केनिया इथल्या नोकरदारांवर तपासल्या गेल्या. ऊसतोडीची टोळी चालवणाऱ्या मुकादमाला किंवा वस्तीवरच्या अंगणवाडी सेविकेला त्या कितपत लागू पडतील, हा प्रश्न शिल्लक आहे. सहकाराचा अभ्यासही या बाजूने व्हायला हवा. प्रवरानगरच्या साखर कारखान्याने १९५० मध्ये गाळप सुरू केले. तिथे शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ एकाच संस्थेत नेते होते. दोन अगदी निराळ्या घडणीची माणसे एकमेकांच्या उणिवा कशा ओळखतात आणि सांभाळतात, हे एकट्या नेत्याच्या चरित्रातून कधीच कळणार नाही. संचालक मंडळांची इतिवृत्ते, सभासदांची पत्रे, ग्रामसभांच्या नोंदी, बचत गटांच्या वह्या हे सर्व मराठीत आहे आणि बरेचसे न वाचलेले आहे. ज्याला या क्षेत्रात नवे काही सांगायचे आहे, त्याने नेत्याच्या भाषणांचे खंड तूर्त बाजूला ठेवावेत आणि आधी त्याच्या हाताखाली काम केलेल्यांच्या नोंदी उघडाव्यात.